जंतूंची ढाल

१९९४ च्या ऑगस्टअखेरीस बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावाचे नाव एकाएकी देशभर पोहोचले. जांघेत आणि काखेत गाठी, सोबत कडक ताप, असे रुग्ण तेथे आढळू लागले होते. जो रोग तोवर केवळ आजी-आजोबांच्या आठवणींत उरला होता, तो प्लेग पुन्हा दारात उभा राहिला. वर्षभरापूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. भयाने लोकांनी घरे सोडली, धान्य आत तसेच राहिले, उंदीर माजले आणि उंदरांवरच्या पिसवाही वाढल्या, असे त्या वेळी कारण सांगितले गेले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने हाहाकार माजवला. लोक शहर सोडून निघाले आणि औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल संपल्या. आमच्या ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकांना नाकातोंडाला रुमाल बांधलेले ते दिवस आठवत असतील. हा प्लेगच होता का, यावर पुढे बराच वाद झाला. अखेर २००० साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील जनुकीय अभ्यासाने तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखवून दिले.

त्या साथीची आठवण आज काढण्याचे कारण निराळे आहे. पिसवेच्या दंशातून शरीरात शिरलेल्या या जंतूला आपल्या रक्तातील भक्षक पेशी लगेच गिळतात. एरवी गिळलेला जंतू तेथेच मरतो. प्लेगचा जंतू मात्र सुरुवातीच्या काळात त्याच पेशीच्या पोटात तग धरतो आणि नंतर बाहेर पडून थैमान घालतो. ज्या पेशीने त्याला मारायचे, तिच्याच पोटात तो जगतो कसा? या प्रश्नाच्या उत्तरात एक शब्द येतो, जो आज प्रत्येक घरातील टॉनिकच्या बाटलीवर, ग्रीन टीच्या पुड्यावर आणि च्यवनप्राशाच्या डब्यावर छापलेला असतो. तो शब्द म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’.

अँटिऑक्सिडंट म्हणजे आरोग्याचा मित्र, अशी आपली समजूत जाहिरातींनी करून दिली आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. ऑक्सिजन हा जीवनाचा आधार खरा, परंतु शरीरात त्याचा वापर होत असताना काही उपद्रवी रेणूही जन्माला येतात. लोखंडाला गंज चढावा तसे हे रेणू पेशींचे आवरण, प्रथिने आणि जनुके पोखरतात. त्यांना निष्प्रभ करण्याची व्यवस्था शरीराने स्वतःच केलेली आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, सुपरऑक्साइड या उपद्रवी रेणूचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. मग कॅटॅलेज हे दुसरे विकर त्या पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. यांतील पहिल्या विकराचे कार्य १९६९ साली अमेरिकेतील मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी उलगडले.

जाहिराती जे सांगत नाहीत ते याच्या पुढचे आहे. ज्या रेणूंना आपण उपद्रवी म्हणतो, तेच आपल्या भक्षक पेशींचे शस्त्र आहे. जंतू पोटात येताच या पेशी एका क्षणात कितीतरी पट अधिक ऑक्सिजन ओढून घेतात आणि त्यापासून सुपरऑक्साइड व पेरॉक्साइड बनवून जंतूवर अक्षरशः फवारतात. शत्रूवर गंजाचाच मारा करावा, तसा हा प्रकार. हे शस्त्र किती मोलाचे आहे ते जन्मतः ते नसलेल्या मुलांकडे पाहून कळते. अशा मुलांना पुन्हा पुन्हा गळवे होतात, फुफ्फुसांचे आणि यकृताचे गंभीर संसर्ग होतात आणि एरवी निरुपद्रवी असलेली बीसीजीची लसही कधीकधी त्यांना बाधते.

आणि याच शस्त्राला तोंड देण्यासाठी रोगजंतूंनीही अँटिऑक्सिडंट विकरे बाळगली आहेत. आपल्याकडे जी ढाल आहे, तीच त्यांच्याकडेही आहे.

प्लेगच्या जंतूचेच पाहा. पिसवेच्या अंगात, म्हणजे २६ अंशांच्या आसपास, त्याचे वागणे एक असते. माणसाच्या शरीराची ३७ अंशांची ऊब लागली की त्याचे वागणे बदलते. या उबेत तो जी काही प्रथिने भराभर बनवू लागतो, त्यांत पेरॉक्साइड फोडणारे एक विकरही असते. १९९९ साली शास्त्रज्ञांनी त्याची ओळख पटवली. प्लेगच्या मारकतेचे सारे श्रेय या विकराला देता येणार नाही, त्या जंतूची मुख्य हत्यारे वेगळी आहेत. पण यजमानाच्या घरात पाऊल टाकताच ढाल उचलायची हा त्याचा रिवाज लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या ढालीचे काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर प्रयोगशाळेत जावे लागते, पण फार दूर नाही. काचपट्टीवर थोडे जंतू घेऊन त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला, की काही जंतूंवर चटकन बुडबुडे येतात आणि काहींवर येत नाहीत. बुडबुडे आले तर कॅटॅलेज आहे. गळवे आणि जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकोकस आणि घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस यांतला फरक तंत्रज्ञ आजही या एका थेंबावरून ओळखतात. यांतील स्टॅफिलोकोकस तर आणखी पुढे गेलेला आहे. त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात म्हणून त्याला लॅटिनमध्ये ‘ऑरियस’, म्हणजे सोनेरी, हे नाव मिळाले. तो सोनेरी रंग गाजराच्या रंगद्रव्याच्याच कुळातला असून तोही अँटिऑक्सिडंट आहे. रंग काढून घेतलेला जंतू पांढऱ्या पेशींपुढे लवकर मरतो, असे २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले.

येथे एका घरगुती सवयीविषयी सांगितलेच पाहिजे. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांच्या पायाच्या जखमेवर रोज पेरॉक्साइड ओतून ‘फेस आला, म्हणजे जंतू मेले’ असे समाधान मानणारी माणसे अनेक घरांत भेटतात. तो फेस जंतूंपेक्षा आपल्याच रक्तातील आणि मांसपेशींतील कॅटॅलेजमुळे अधिक येतो. रोजच्या अशा ओतण्याने भरत आलेली नवी त्वचा मात्र दुखावते. मधुमेही पायाची जखम साध्या सलाइनने किंवा डॉक्टर सांगतील त्या पद्धतीने धुवावी आणि ती दोन-तीन दिवसांत सुधारताना दिसली नाही तर दवाखाना गाठावा.

प्लेग आला आणि गेला. ज्या रोगात जंतूच्या या ढालीची कथा सर्वांत खोल आणि सर्वांत कामाची आहे, तो रोग मात्र मराठवाड्यातून कधी गेलाच नाही. तो म्हणजे क्षय.

क्षयाचा जंतू तर भक्षक पेशींच्या पोटातच संसार थाटतो. फुफ्फुसातील ज्या पेशी त्याला गिळतात त्यांतच तो वर्षानुवर्षे दबा धरून बसू शकतो. म्हणूनच तरुणपणी शिरलेला जंतू साठी-सत्तरीत, मधुमेह जडल्यावर किंवा स्टिरॉइडची औषधे सुरू झाल्यावर डोके वर काढतो. त्याच्यापाशी सुपरऑक्साइड डिसम्युटेज आहेच, आणि ते तो आपल्या आवरणाबाहेरही सोडतो. पण त्याची खरी ढाल म्हणजे ‘कॅटजी’ नावाचे कॅटॅलेज. भक्षक पेशीने फवारलेले पेरॉक्साइड हे विकर फोडून टाकते.

आता औषधाकडे वळू. क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध मूळ रसायन म्हणून १९१२ सालीच प्रागमध्ये तयार झाले होते. ते क्षयावर चालते हे मात्र १९५१-५२ मध्ये उमगले आणि सॅनेटोरियमचे युग मावळू लागले. भारतासाठी यातला महत्त्वाचा टप्पा मद्रासमध्ये गाठला गेला. तेथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षय औषधोपचार केंद्राने गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला, दुसरा गट दाटीवाटीच्या आपल्या घरीच राहून औषध घेऊ लागला. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: घरी राहून नीट औषध घेणारे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे होतात आणि घरच्यांना धोका त्यामुळे वाढत नाही. आज आपल्या घरात क्षयाचा रुग्ण खाटेवर निश्चिंत झोपू शकतो, त्यामागे मद्रासच्या त्या झोपडपट्ट्यांतील माणसांचा हा वाटा आहे.

त्याच काळात एक विचित्र गोष्ट लक्षात आली होती. अमेरिकेतील मिडलब्रुक यांना १९५३-५४ च्या सुमारास दिसले, की आयसोनियाझिडला न जुमानणारे पुष्कळसे क्षयजंतू आपले कॅटॅलेज गमावून बसलेले असतात, आणि असे जंतू गिनीपिगमध्ये सोडले तर ते फारसा रोग करू शकत नाहीत. मद्रासच्या रुग्णांतून मिळालेले जंतू तपासले तेव्हाही, ब्रिटनमधील जंतूंच्या तुलनेत त्यांतील अनेक गिनीपिगमध्ये सौम्य निघाले आणि पेरॉक्साइडलाही ते अधिक लवकर बळी पडत. म्हणजे ढाल कमकुवत तर जंतू दुबळा, असा हिशेब मांडण्याचा मोह व्हावा. पण ज्या माणसांच्या फुफ्फुसांतून ते ‘सौम्य’ जंतू आले होते, ती माणसे काही सौम्य आजारी नव्हती. गिनीपिगचा न्याय माणसाला सरसकट लावता येत नाही.

पण औषध हुकण्याचा आणि कॅटॅलेज जाण्याचा संबंध काय, हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नाही. १९९२ साली लंडन आणि पॅरिस येथील संशोधकांनी ते सोडवले. आयसोनियाझिड हे गोळीच्या रूपात निष्क्रिय असते. जंतूच्या आत गेल्यावर त्याला जागे करणारे कोणी लागते, आणि हे काम जंतूचे स्वतःचे कॅटजी विकर करते! जागे झालेले औषध मग जंतूच्या मेणचट आवरणाची बांधणीच बंद पाडते. ज्या ढालीने जंतू आपल्या पेशींचा मारा चुकवतो, तीच ढाल आपल्या औषधाच्या कुलपाची किल्ली आहे.

जंतूपुढे त्यामुळे मोठाच पेच उभा राहतो. ढाल टाकून दिली तर औषधापासून सुटका होते, पण भक्षक पेशींपुढे उघडे पडावे लागते. ढाल धरली तर औषध मारते. दुर्दैवाने या पेचातून त्याने वाट काढली आहे. कॅटजी हे शेकडो दुव्यांची साखळी असलेले प्रथिन आहे. त्यातील ३१५ व्या जागी असलेला सेरीन हा एक दुवा बदलून तेथे थ्रिओनीन आला, तर आयसोनियाझिडला आत शिरण्याची वाट अरुंद होते, पण पेरॉक्साइड फोडण्याचे काम बऱ्याच अंशी चालूच राहते. ढाल शाबूत आणि किल्ली निकामी. जगभर आयसोनियाझिडला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंत हाच बदल सर्वाधिक सापडतो, यात नवल नाही.

हा बदल एखाद्या जंतूत आपोआप, योगायोगाने घडतो. सुमारे दहा लाखांत एखादा असा जंतू निघतो. फुफ्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या शरीरात जंतू कोट्यवधी असतात. तेव्हा उपचार सुरू होण्यापूर्वीच असे काही जंतू तेथे हजर असतात. म्हणून तर चार औषधे एकत्र दिली जातात. एकातून निसटलेल्याला दुसरे गाठते. गोळ्या चार दिवस घेतल्या, चार दिवस विसरल्या, बरे वाटले म्हणून थांबवल्या, की साधे जंतू मरतात आणि निसटलेल्यांना मोकळे रान मिळते. ते मग ज्याच्या उशाशी नातवंडे झोपतात त्याच्या खोकल्यातून बाहेर पडतात. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे भयंकर रूप मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११-१२ मध्ये जगापुढे आणले, ते अशाच अर्धवट आणि चुकीच्या उपचारांच्या साखळीचे टोक होते.

नियमाला अपवादही आहे, तोही आपल्या ओळखीचा. कुष्ठरोगाचा जंतू हा क्षयजंतूचाच चुलतभाऊ. २००१ साली त्याची संपूर्ण जनुकमाला वाचली गेली तेव्हा त्याचे कॅटजीचे जनुक मोडकळीस आलेले आढळले. म्हणून आयसोनियाझिड कुष्ठरोगावर चालत नाही. या ढालीवाचूनही तो माणसाच्या नसांत वर्षानुवर्षे ठाण मांडतो, हे दत्तपूर आणि आनंदवनाच्या महाराष्ट्राला सांगायला नको. निसर्गात कोणतेही सूत्र फार सरळ नसते.

आता पुन्हा बाटलीकडे. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या तर संसर्गापासून बचाव होईल, ही आशा कितपत खरी? फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षे ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिले गेले. १९९४ साली निष्कर्ष आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला दिसला. त्याच माहितीचा पुढे क्षयाच्या दृष्टीने अभ्यास झाला. जे खूप धूम्रपान करत आणि ज्यांच्या आहारात क जीवनसत्त्व भरपूर होते, त्यांच्यात ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी काही काळ क्षयाचे प्रमाण वाढल्याचे २००८ मध्ये नोंदवले गेले. दुसरीकडे २०१३ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी परीक्षानळीत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने क्षयजंतू मारून दाखवले, आणि गंमत अशी की तेथे ते अँटिऑक्सिडंट म्हणून नव्हे, तर लोहाच्या संगतीने उपद्रवी रेणू निर्माण करून काम करत होते! परीक्षानळीतील या प्रयोगावरून कोणीही क्षयावर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत. एकच पदार्थ जागा आणि मात्रा बदलताच गंज रोखणारा किंवा गंज चढवणारा होऊ शकतो, एवढेच यातून कळते.

अन्नाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तेथे हात आखडता घेऊ नये. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याची पाने, ज्वारीची भाकरी यांविषयी कोणाला शंका नाही. बालाघाटच्या डोंगरातले बीडचे सीताफळही, मधुमेह नसेल तर, पोटभर खावे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांची जोड देऊन पाहिले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. महागडी बाटली आणण्यापूर्वी घरातील वृद्ध माणूस दोन वेळा डाळ-भात नीट खातो का, हे पाहावे. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात, ते याच डाळ-भातासाठी आहेत.

ज्येष्ठांमध्ये क्षय ओळखणेच अवघड असते. खोकला फारसा नसतो, ताप अंगात मुरलेला असतो. वजन उतरते, अन्नावरची वासना जाते, माणूस अंथरुणाला खिळतो आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले असेल तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य होते. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅटसारखे यंत्र थुंकीतील जंतूची जनुके वाचून काही तासांत उत्तर देते. त्या पहिल्या तपासणीत बहुधा रिफाम्पिसिन हे औषध चालेल की नाही एवढेच कळते. आयसोनियाझिडसाठी कॅटजीतील तो बदल शोधणारी दुसरी चाचणी असते. ती झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. बदल आढळला तरी हताश होऊ नये, कारण आयसोनियाझिड वगळून लिव्होफ्लॉक्सासिनची जोड दिलेला सहा महिन्यांचा उपचार उपलब्ध आहे.

उपचार सुरू झाल्यावर काळजी घेणाऱ्याचे डोळे उघडे हवेत. लघवी केशरी होणे हा रिफाम्पिसिनचा गुण आहे, त्याने घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, मळमळ थांबेना, अन्न समोर नकोसे झाले, तर यकृत तक्रार करत आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या तर तेही सांगावे. आयसोनियाझिड शरीरातील बी-६ जीवनसत्त्व कमी करते, म्हणून पायरिडॉक्सिनची छोटी गोळी सोबत दिली जाते. मधुमेही आणि वृद्ध रुग्णांनी ती कधीही चुकवू नये. फिट्सवरचे फेनिटॉइन, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी पहिल्याच भेटीत दाखवावी, कारण क्षयाची औषधे त्यांचा प्रभाव कमी-जास्त करतात. आम्लपित्ताचे पांढरे औषध या गोळ्यांबरोबर घेऊ नये.

बीड जिल्ह्यात या साऱ्याला एक वेगळीच अडचण येऊन मिळते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाच्या फडांवर कोप्या पडतात आणि गावात म्हातारी माणसे व शाळेत जाणारी नातवंडे मागे राहतात. ऊसतोडीचा हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा असतो, आणि क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. गावी सुरू झालेल्या गोळ्या फडावर थांबण्याची भीती येथेच आहे. निघण्यापूर्वी गावच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना ‘आम्ही अमुक कारखान्याला चाललो’ एवढे सांगितले, तर निक्षयवरील नोंद त्या भागातील केंद्राकडे वळवता येते आणि गोळ्या तेथे मिळतात. निक्षयचा क्रमांक कागदावर लिहून पिशवीत ठेवावा, मोबाइल हरवला तरी तो कामी येतो. आणि गावात राहिलेल्या सासूबाईंनी रोज रात्री फडावर फोन लावून जेवणाची चौकशी करताना शेवटी एवढे विचारावे: ‘गोळी घेतलीस का गं?’